पोरगं गाढ झोपलंय!

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. लग्नाच्या वऱ्हाडात, एस.टी.च्या रातराणीत, वसतिगृहाच्या खोलीत एकजण तरी घोरणारा निघतोच आणि सकाळी चहाच्या वेळी त्याची यथेच्छ टिंगल होते. या थट्टेची परंपरा जुनी आहे. कुंभकर्णाला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोताने मागे लोटले जात होते, असे वाल्मीकींनीच वर्णन करून ठेवले आहे. या साऱ्या थट्टेत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, जो घोरतो तो सुखाने झोपलेला असतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझीही हीच समजूत होती.

मी धायरीला ताईकडे राहून शिकतो. धायरीला गाव म्हणायचे ते आता केवळ सवयीने. २०१७ साली पुणे महानगरपालिकेत जी अकरा गावे घेतली त्यांत धायरीचे नाव आहे. धारेश्वराच्या मंदिराभोवतीचे जुने गाव अजून ओळखू येते, पण बाकी सगळीकडे इमारती उठल्या आहेत आणि अजून उठतच आहेत. ताईचे घर दोन खोल्यांचे. रात्री बाहेरच्या खोलीत दाजींच्या आई, माझा भाचा आणि मी असे तिघे झोपतो. भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्या वयाच्या मानाने फार मोठ्याने घोरत असे. भिंतीपलीकडचे शेजारीसुद्धा "काल गाडी जोरात होती" म्हणून चेष्टा करीत. आजी मात्र कौतुकाने म्हणायच्या, "दिवसभर दमतंय पोरगं. गाढ झोपलंय बघा!"

परीक्षेच्या दिवसांत एकदा रात्री दीड-दोनच्या सुमारास मी वाचीत बसलो होतो. स्वारीचे घोरणे नेहमीप्रमाणे चालू होते आणि एकाएकी ते थांबले. बरे वाटले, म्हणून मी वर पाहिले, तर पोराची छाती हलत होती, पोट आत-बाहेर होत होते, पण श्वासाचा आवाज काही नाही. मी मनात आकडे मोजू लागलो. बारापर्यंत आलो तेव्हा त्याने एक मोठा आचका दिला, सगळे अंग हलले, मान मागे टाकून त्याने हवा ओढली आणि पुन्हा घोरणे सुरू. पाच-सात मिनिटांनी पुन्हा तसेच. त्या रात्री माझे वाचन काही झाले नाही.

पुढे डॉक्टरांकडे जाणे-येणे झाले, त्यांना शंका विचारल्या, ग्रंथालयात काही वाचले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम घोरणे म्हणजे काय ते पाहू. आपण श्वास घेतो ती वाट नाकापासून फुप्फुसापर्यंत जाते. छातीतली श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी ताठ ठेवलेली असते. नाकाच्या पोकळीला हाडांचा आधार असतो. मधला घशाचा भाग मात्र नुसत्या स्नायूंचा, म्हणजे मऊ असतो. आपण जागे असताना हे स्नायू ताणलेले राहतात आणि वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट अरुंद झाली की तेवढीच हवा अधिक वेगाने जाऊ लागते आणि टाळूचा मागचा मऊ भाग व पडजीभ थरथरू लागतात. फुग्याचे तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडली म्हणजे जसा आवाज येतो, तसाच हा प्रकार. तेव्हा घोरण्याच्या आवाजाचा अर्थ 'येथे वाट अडली आहे' एवढाच आहे. झोप गाढ आहे की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मोठ्या माणसांत ही अडचण बहुधा वाढलेल्या वजनामुळे किंवा जबड्याच्या ठेवणीमुळे येते. लहान मुलांत कारण निराळे असते. घशात दोन बाजूंना टॉन्सिल असतात हे आपणांस ठाऊक आहे. त्याच जातीची एक गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वर असते. तिला ॲडिनॉइड म्हणतात. तोंड उघडून आरशात पाहिले तरी ती दिसत नाही, म्हणून तिचे नाव घरोघरी माहीत नाही. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ साली तिच्या वाढीचे दुष्परिणाम प्रथम नीट वर्णन करून सांगितले. नाक आणि घशाच्या वेशीवरच्या या गाठींचे जणू एक कडेच बनलेले असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांचे नाव त्या कड्याला मिळाले आहे. श्वासाबरोबर व अन्नाबरोबर आत येणाऱ्या जंतूंशी शरीराची पहिली ओळख येथे होते. म्हणजे या गाठी निरुपयोगी नव्हेत. पण साधारण दोन ते आठ या वयात त्या घशाच्या मानाने फार मोठ्या असतात. दिंडी दरवाजा लहान आणि पहारेकरी मात्र धिप्पाड, अशी अवस्था. त्यात वारंवार सर्दी होणारे किंवा धुळीची ॲलर्जी असणारे मूल असेल तर गाठी आणखी सुजतात.

नाकामागची वाट बंद झाली की मूल तोंडाने श्वास घेऊ लागते आणि बोलण्यातही फरक पडतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सहज कळेल. 'म' आणि 'न' हे अनुनासिक वर्ण, म्हणजे ते उच्चारताना हवा नाकातून जावी लागते. ती वाटच बंद असेल तर 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'. आमचा भाचा मला 'मामा' म्हणायला जाई आणि ऐकू येई 'बाबा'. पाहुण्यांसमोर आम्ही त्याला मुद्दाम तसे बोलायला लावून हसत असू. डॉक्टरांनी त्याला फक्त 'नाना, मामा' म्हणायला सांगितले आणि तोंडात बॅटरी घालण्यापूर्वीच मान हलवली, तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

आता त्या थांबण्याविषयी. वाट अरुंद असते तोवर आवाज येतो, ती पुरती बंद झाली की आवाज थांबतो. म्हणजे आपल्याला जी शांतता वाटते तीच खरी भिण्याची गोष्ट असते. छाती हवा ओढण्याचा प्रयत्न करते, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणतो आणि वाट मोकळी करतो. हे जागणे इतके अल्प असते की मुलाला त्याची आठवण राहत नाही आणि घरच्यांनाही कळत नाही. मूल दहा तास अंथरुणात असते, पण ती झोप फाटक्या गोधडीसारखी असते. पांघरलेली दिसते, ऊब मात्र येत नाही. या विकाराला झोपेतला श्वासावरोध म्हणता येईल.

आणि येथेच मोठी फसगत होते. रात्री झोप न झालेला मोठा माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो. लहान मूल बहुतेक वेळा पेंगत नाही, उलट ते चेकाळते. एका जागी बसत नाही, चिडते, मारामाऱ्या करते, सांगितलेले विसरते. झोप कमी झालेल्या मुलाला 'झोप नको' म्हणून नाचताना प्रत्येक घराने पाहिले आहे, हा त्यातलाच प्रकार. आमच्या भाच्याच्या डायरीत शाळेतून आठवड्याला एक तरी शेरा येई. अंथरूण ओले करण्याचे तर रोजचेच झाले होते. "एवढा घोडा झाला तरी?" म्हणून दाजींनी त्याला दोन-चारदा चांगलेच झोडपले. मीही त्यात मागे नव्हतो. त्याला पाढे शिकवताना मी पट्टी वापरली आहे. श्वासाचा अडथळा असलेल्या मुलांत अंथरुणात लघवी होण्याचे प्रमाण अधिक असते, झोपेत त्यांना दरदरून घाम येतो, सकाळी डोके दुखते, काहींचे वजन वाढत नाही. शरीराच्या वाढीसाठी लागणारा संप्रेरक द्रव मुख्यत्वे गाढ झोपेतच स्रवतो, तेव्हा त्यात नवल नाही. या साऱ्या गोष्टी आमच्या घरात होत्या, पण त्या एका धाग्यात ओवाव्यात हे कोणाला सुचले नाही.

हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही, साऱ्या जगाने हा धागा एकदा हातात घेऊन पुन्हा टाकून दिला होता. १८८९ साली विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनी, मुलांच्या मागासपणाची आणि मंदपणाची काही कारणे सांगताना बंद नाक व घोरणे यांकडे बोट दाखवले होते. १८९२ साली विल्यम ऑस्लर यांच्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथातही तोंडाने श्वास घेणाऱ्या, रात्री गुदमरणाऱ्या आणि दिवसा मठ्ठ दिसणाऱ्या मुलाचे वर्णन आले. त्यानंतर ऐंशीएक वर्षे याकडे कोणी फारसे वळले नाही. १९७६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तियान गिय्यमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या झोपेची यंत्रांनी तपासणी करून हा विकार पुन्हा उजेडात आणला. आठ मुले! मधल्या काळात 'ढ' म्हणून वर्गाबाहेर उभी राहिलेली मुले किती असतील, त्याचा हिशेब कोणाकडे असणार?

मोठ्यांच्या घोरण्याकडे आपल्याकडे अलीकडे थोडे लक्ष जाऊ लागले आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत साडेसात टक्के पुरुषांना हा विकार लक्षणांसह आढळला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हाही डॉक्टरांनी हेच कारण सांगितले होते. मुलांत हे प्रमाण एक ते पाच टक्के असावे असा जागतिक अंदाज आहे. साठ मुलांच्या वर्गात एक ते तीन, असे म्हटले तर चित्र डोळ्यांसमोर येईल.

अर्थात प्रत्येक घोरणारे मूल आजारी असते असे समजून कोणी घाबरून जाऊ नये. सर्दीपडशात चार दिवस कोणीही घोरते. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री मूल मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून आचके देत असेल, मान मागे टाकून किंवा पालथे पडून, ढुंगण वर करून झोपत असेल, तर मात्र दाखवलेच पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली आपल्या डॉक्टरांना सल्ला दिला, की नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी मूल आले की 'घोरते का?' हा प्रश्न विचारावाच. आपल्याकडे तो विचारला जाईल याची वाट पाहू नये, आईबापांनी आपणहून सांगावे. ताईने भाच्याला ज्यांच्याकडे प्रथम नेले त्यांनी "मोठा झाला की जाईल" एवढेच सांगितले होते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मी मोबाइलवर रात्रीचे दोन मिनिटांचे चित्रण करून नेले. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग फार झाला. मोबाइलच्या नावाने आपण एरवी बोटे मोडतो, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

घरच्या घरी करण्यासारखेही काही आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालून नाक मोकळे ठेवणे, झोपण्याच्या खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, विडी-सिगारेट यांचा धूर न करणे, गाद्या-चादरींना ऊन दाखवणे. धायरीसारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक गल्लीत सिमेंट उतरत असते, तिथे शेवटची गोष्ट बोलायला सोपी आणि करायला अवघड आहे. पण आमच्याकडे रोज संध्याकाळी कॉइल लावायची पद्धत होती, ती बंद करून मच्छरदाणी आणली. मूल लठ्ठ असेल तर वजन आटोक्यात आणल्याने फरक पडतो.

काही गोष्टी मात्र करू नयेत. ओवा-कापराची पुरचुंडी पुष्कळ घरांत बाळाच्या उशाशी असते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नये आणि तान्ह्यांच्या नाकाला तर चोळूच नये. 'झोप शांत लागते' म्हणून सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध पाजणे किंवा जायफळ जास्त उगाळणे हेही वाईटच. जिथे श्वासाचीच अडचण आहे तिथे गुंगी आणून काय साधणार? मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत, असे आजी ठामपणे सांगत. त्याला पक्का पुरावा नाही, उलट श्वास अडणाऱ्या मुलांत दात खाणे बरेच आढळते. आजींना हे अजून पटलेले नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ काय करतात? ते टॉन्सिल पाहतात, मानेचा बाजूने क्ष-किरण फोटो काढतात किंवा बारीक दुर्बीण नाकातून घालून ॲडिनॉइड पाहतात. शंका असेल तर रात्रभर झोपेची तपासणी करतात. तीत अंगाला तारा लावून मेंदूचे कार्य, श्वास, छातीची हालचाल, हृदयाचे ठोके आणि रक्तातला प्राणवायू यांची नोंद होते. ही सोय सगळीकडे नाही आणि ती स्वस्तही नाही, म्हणून बरेचदा लक्षणांवरूनच निर्णय होतो. त्रास सौम्य असेल तर काही आठवडे नाकात मारायचा औषधी फवारा देऊन पाहतात. त्रास अधिक असेल तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. ज्यांना शस्त्रक्रिया शक्य नाही किंवा तिने भागत नाही, त्यांच्यासाठी नाकावर मुखवटा लावून हवेचा सौम्य दाब देणारे यंत्र आहे. कॉलिन सलिव्हन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८१ साली ही युक्ती प्रसिद्ध केली.

शस्त्रक्रिया म्हटली की घरात वाद होतातच. टॉन्सिल काढले की पोर कायमचे अशक्त होते, असे दाजींना कोणी तरी कारखान्यात सांगितले होते. गेल्या शतकात एक काळ असा होता की पाश्चात्त्य देशांत जरा घसा दुखला की सरसकट टॉन्सिल काढीत. तो अतिरेकच होता आणि आजही विनाकारण कोणी काढू नयेत. दूरच्या परिणामांविषयी संशोधकांत अजून चर्चा चालते. पण जंतूंशी लढणारी यंत्रणा शरीरात इतरत्रही भरपूर असते, दोन गाठींवाचून ती कोलमडत नाही. २०१३ साली अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते मला फार बोलके वाटले. या साऱ्या मुलांना झोपेत श्वासावरोध होता. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना फक्त लक्ष ठेवून सात महिने थांबवले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी ठीक आली. नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची ठीक आली. म्हणजे 'मोठा झाला की जाईल' म्हणणारे डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. वागणुकीत आणि एकूण स्वास्थ्यात मात्र शस्त्रक्रिया झालेली मुले स्पष्ट पुढे होती. एकाग्रतेच्या कसोट्यांत फारसा फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टॉन्सिल काढल्याने मूल हुशार होते असा प्रचार कोणी करू नये.

शस्त्रक्रियेला धोका मुळीच नाही असेही नाही. घसा आठ-दहा दिवस चांगलाच दुखतो. रक्तस्राव क्वचित होतो, पण तो पहिल्या दिवशी किंवा खपली निघताना, पाच ते दहा दिवसांच्या सुमारास होऊ शकतो. तोंडातून ताजे रक्त आले तर सकाळची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे, हे आम्हांला दोनदा बजावून सांगितले होते.

घोरणे नसतानाही मुलांची झोप अपुरी असू शकते, त्याविषयी थोडे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, असे तज्ज्ञांनी २०१६ साली ठरवून दिले आहे. आता आमच्या गल्लीतला हिशेब पाहा. सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीतून बाप घरी पोचतो तो साडेनवाला. बाप आल्याशिवाय पोर झोपत नाही, मग जेवण, मग मोबाइल. निजायला अकरा. सकाळच्या शाळेची गाडी धायरी फाट्यावर साडेसहाला, म्हणजे उठणे पावणेसहाला. पावणेसात तास! डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी एका समारंभात मुलांच्या अपुऱ्या झोपेचा हा प्रश्न काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने आदेश काढला, की २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरावेत. रात्री उशिरापर्यंतचे आवाज, करमणुकीची साधने, मुलांची अपुरी झोप, असा सगळा विचार त्यामागे होता. झोपेसाठी शासनाने निर्णय घ्यावा ही कल्पनाच मला सुखद वाटली. पण लगेच बसमालकांनी अडचणी मांडल्या, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी जागेचे कारण सांगितले, नोकरी करणाऱ्या आईबापांनी 'आम्ही आठला बाहेर पडतो, मग पोराला सोडायचे कोणी?' असे विचारले. यांतली एकही अडचण खोटी नाही. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेलाही शरीराचा उपस्तंभ मानले, पण चरकांच्या काळी शाळेची बस नव्हती.

भाच्याची शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत झाली. रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिले काही दिवस सूज होती, त्यामुळे घोरणे चालूच होते आणि दाजी "पैसे पाण्यात" म्हणत होते. दहाव्या-अकराव्या रात्री मला एकाएकी जाग आली. खोलीत आवाज नव्हता. मी दचकून उठलो, तर आजी माझ्या आधीच उठून बसलेल्या. दिवा न लावता त्यांनी नातवाच्या नाकापुढे हात धरला होता. आतून ताई आली, तिच्या मागे दाजी. पोरगे तोंड मिटून, एका कुशीवर झोपले होते. आजींनी हात काढला नाही. आम्ही चौघे बराच वेळ तसेच अंधारात बसून होतो.